नऊ नंबरची पेटी

झाड तोडलं तरी ते मेलंय हे मुळांना सात-आठ वर्षं कळत नाही, असं करवतकाका म्हणाले होते. तोवर ती बिचारी इमानेइतबारे माती धरून बसतात. एकदा का कळलं, की हात सोडतात. "तेव्हा उताराखाली माणसानं राहू नये," एवढं बोलून त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की पुढचं आता तुझं तू समजून घे.

तिने ते हसण्यावारी नेलं. त्यांच्या तोंडावर नाही, तेवढी रीतभात तिला होती. "हो का काका," म्हणून तिने मान डोलावली आणि घरात येऊन आत्याला सांगितलं, की तुझ्या शेजाऱ्यांना हल्ली मुळांच्या मनातलं कळायला लागलंय. प्राणिशास्त्र शिकलेली बाई, ती कशाला लाकूडतोड्याचं ऐकते. शिवाय घरामागचा तो उतार उघडा केला होता करवतकाकांनीच. जन्मभर त्यांनी जंगलात करवत चालवली, शेवटचं काम म्हणून गल्लीच्या डोक्यावरची अर्धी टेकडी साफ केली आणि हात पुसून घरी बसले. त्या कामाला आठवं वर्ष लागलं, त्याच आठवड्यात त्यांनी बिऱ्हाड आवरलं आणि लेकीकडे राहायला गेले. गल्लीला चघळायला विषय मिळाला. म्हातारा चळला, असं सर्वानुमते ठरलं.

गल्लीत चारच घरं. सुरुवातीला पोस्टमनचं, मग शिंप्याचं, मग करवतकाकांचं आता बंद असलेलं, आणि शेवटी टेकडीला पाठ लावून बसलेलं आत्याचं. पहिल्या दोन घरांच्या वर अजून जुनं जंगल होतं, पुढच्या दोन घरांच्या वर तोडलेला उतार. तोडलेला म्हणजे दिसायला उजाड मुळीच नाही. गवत वाढलं होतं, लावलेली रोपं कमरेइतकी झाली होती. लांबून बघणारा म्हणाला असता, काय हिरवंगार आहे.

आई-वडील लागोपाठ गेल्यावर तिला पाचव्या वर्षापासून वाढवलं ते या आत्याने, याच घरात. आत्या शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाली तरी तिच्या बोलण्यातली पट्टी काही गेली नाही. लग्नानंतर भाची नवऱ्याबरोबर शहरात आली, बसने दोन तासांवर, दोन खोल्यांत. लेक ठकी झाली तेव्हापासून तिने आत्याला शंभरदा म्हटलं असेल, की आता इकडेच ये. आत्याचं उत्तर ठरलेलं: "तुझ्या खुराड्यात एक कोंबडी जास्त होईल."

आता तिचं काम. एका संशोधन संस्थेने त्या टेकडीवर बारा पेट्या झाडांना बांधल्या होत्या. पेटी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. दर तासाला त्याने दहा मिनिटं कान उघडायचा आणि जे ऐकलं ते लगोलग पाठवून द्यायचं. पहिल्या आठ पेट्या जुन्या जंगलात, उरलेल्या चार तोडलेल्या उताराच्या काठाने. नऊ नंबरची बरोबर आत्याच्या घराच्या वर, करवतकाकांनी खूण म्हणून सोडलेल्या एकुलत्या एका झाडाला. ठकी दुपारी झोपली की ती एका कानाला हेडफोन लावायची, दुसरा कान पाळण्यासाठी मोकळा ठेवायची, आणि ते आवाज दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांनी ऐकत प्रत्येकावर शिक्का मारायची. पक्षी. बेडूक. कीटक. प्राणी. वारा-पाऊस. बाकी सगळं कचरा.

संस्थेतल्या मोठ्या बाईंचा नियम सुटसुटीत होता: वारा-पाऊस सोडून, ज्याला जीव नाही तो आवाज कचरा. माणसाचं बोलणंही कचरा, कारण कुणाच्या खाजगीत आपण कान घालायचा नाही. ते तर यंत्रच परस्पर काढून टाकायचं. आणि यंत्र तिच्याकडून शिकत होतं. एकाच जातीच्या आवाजावर तिने पाच-पन्नास वेळा कचऱ्याचा शिक्का मारला, की पुढे तो आवाज तिच्यापर्यंत येतच नसे. झोपेच्या दीड तासात काम उरकायचं असलेल्या बाईला याहून सोयीचं काय असणार.

उन्हाळा संपता संपता नऊ नंबरमधून एक आवाज यायला लागला. कट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कट्. कुणी निवांत बसून एकेक बोट मोडावं तसा. पेटी उन्हाने तडकत असेल, असं म्हणून तिने तो कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी परत आला, परत टाकला. पंधरा दिवसांत यंत्र शहाणं झालं आणि तो आवाज बंद झाला. तिला तेव्हा हायसं वाटलं होतं, ही गोष्ट पुढे तिच्या मनातून कधी गेली नाही.

त्यानंतर नऊ नंबर गप्प होत गेली. आधी दिवसाला शंभर-सव्वाशे तुकडे यायचे. ते साठ झाले, पावसाळ्याच्या मध्यावर वीस झाले, मग चार. बेडूक आधी गेले. मग किडे. आठ नंबरची पेटी, शेजारचीच, पण जुन्या जंगलातली, तिच्यात मात्र इतका कलकलाट, की शिक्के मारून बोट दुखावं. तिने संस्थेला कळवलं, पेटी बिघडलीय. उत्तर आलं, बॅटरी ठीक आहे, पुढच्या महिन्यात माणूस पाठवतो.

एका गुरुवारी दुपारी नऊ नंबरकडून एकही तुकडा आला नाही.

घरातही तेव्हा शांतच होतं. ठकी पाळण्यात पालथी झोपलेली. नवरा कामावर, तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरी येऊन म्हणायचा, की दिवसभर वर-खाली करूनही मी आहे तिथेच. ती पडद्यावरच्या त्या शून्याकडे बघत बसली. पोर रडत असतं तोवर आईला काळजी नसते. गप्प झालं, की उठून बघावं लागतं. ती आधी उठून पाळण्यापर्यंत गेली, ठकीच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजला. मग परत येऊन तिने आयुष्यात पहिल्यांदा कचऱ्याची पेटी उघडली.

नऊ नंबरचे दोन हजारांवर तुकडे तिथे पडलेले होते.

तिने मधलाच एक लावला. कट्. पुढचा. कट्, कट्. हे उन्हात तडकणं नव्हे, हे तिला आता, सलग ऐकताना, कळलं. कारण पहाटेही तेच होतं आणि पावसातही तेच. आवाज वरून येत नव्हता. झाडाच्या बुंध्यातून, खालून चढत होता. कधी ओला दोर ताणल्यासारखा करकरे, कधी जाड कापड फाटावं तसा लांबत जाई आणि मग काहीतरी सुटे. महिन्याभरापूर्वीच्या तुकड्यांत तासाला एखादा. गेल्या आठवड्यात मिनिटाला तीन. आणि त्या सगळ्याच्या तळाशी पाणी वाहत होतं. त्या उतारावर ओढा नाही, झरा नाही. ती तिथे लहानाची मोठी झाली होती. तरी कुठेतरी आत, मातीच्या पोटात, पाणी चाललं होतं.

मग यादीच्या तिसऱ्या की चौथ्या पानावर, कानाच्या अगदी जवळ, कुणीतरी म्हणालं, "कोण आहे?"

आत्या.

आधी तिला बरंच वाटलं, ओळखीचा आवाज म्हणून. आत्या मागच्या अंगणात आली असेल, यंत्राने बोलणं म्हणून काढून टाकलं असेल. मग तिची नजर तारखेवर गेली. गेला मंगळवार, सकाळचे अकरा. गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आत्या इथे होती. याच खुर्चीत बसून ठकीला चमच्याने भरवत होती आणि पोरीला अजून दहापर्यंत आकडे येत नाहीत म्हणून तिच्या आईला टोमणे मारत होती. पोर नऊ महिन्यांची.

मोकळ्या कानाने तिला पाळण्याची कडी किंचित वाजलेली ऐकू आली आणि ती दचकली. तिने तुकडा पुन्हा लावला. आत्याच. 'कोण'वर जोर, 'आहे' थोडं लांबवलेलं, शेवटी श्वास लागल्यासारखं. तिने शोधून शोधून असे सगळे तुकडे बाजूला काढले. एकेचाळीस. सगळे सारखे. सारखे म्हणजे तंतोतंत, केसाचाही फरक नाही.

आणि इथेच तिचं शिक्षण कामी आलं. माणूस एकच वाक्य एकेचाळीस वेळा तंतोतंत तसंच म्हणू शकत नाही. तिने एक तुकडा शेवटपर्यंत चालू दिला. "कोण आहे?" मग जराशी शांतता, मग एक शीळ, मग बसचं दार उघडल्याचा फुस्स आवाज, मग कुणाच्या तरी मांजराचं म्याव. नकल्या. काळा, लांब शेपटीचा, ऐकेल त्याची नक्कल करणारा पक्षी. पेट्यांतून तिने तो कितीदा ऐकला होता. तिचा जीव भांड्यात पडला. ती हसली सुद्धा.

पण ते हसू अर्ध्यावरच थिजलं. नकल्या एकदा ऐकून शिकत नाही. त्याच जागी, तोच आवाज, तसाच, रोज कानावर पडावा लागतो. आठवडेच्या आठवडे.

म्हणजे आत्या रोज मागच्या अंगणात येऊन उताराकडे तोंड करून विचारत होती, कोण आहे. आणि भाचीला ताकास तूर लागू दिली नव्हती.

खरी आत्याही सापडली मग, कचऱ्यात जरा खाली. तिला ओळखणं सोपं होतं, ती दर वेळी वेगळी होती. कधी चपलांचा आवाज, कधी खोकला. एकदा वर्गातल्यासारखं दरडावून: "कोण आहे तिकडे? मी घाबरत नाही, सांगून ठेवते." आणि मागच्याच आठवड्यातली एक, इतकी हळू, की तिला आवाज वाढवावा लागला: "बोला ना कुणीतरी."

तिने फोन लावला. सात-आठ वेळा वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेवढ्यात तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहिण्यात अर्थ नाही. तिसऱ्यांदा आत्याने उचलला आणि आधी तिलाच फैलावर घेतलं, की माणूस मोरीत असू शकतो, इतकी घाई कसली. तिने थेटच विचारलं, घरामागे काही ऐकू येतं का.

उत्तराला थोडा उशीर झाला. "कुठे काय," आत्या म्हणाली. "मला काय धाड भरलीय. ठकी कशी आहे?"

तिने फोन हेडफोनपाशी धरला आणि तो तुकडा लावला. कट्. कट्. मग ते लांबलेलं फाटणं.

मग आत्याने विचारलं, "हे तुझ्याकडे कसं आलं?"

"वरच्या पेटीत आलंय. आत्या, हे खरं आहे."

"खरं आहे," आत्या म्हणाली. आणि मग, तिने आत्याला कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात: "म्हणजे माझ्या डोक्यात नाही ना ते?"

चार महिने आत्या ते ऐकत होती. भिंतीला कान लावला की जास्त. तिच्या आईला शेवटी-शेवटी असेच आवाज यायचे, कुणीतरी दार वाजवतंय म्हणायची, आणि मग वर्षभरात ती माणसं ओळखेनाशी झाली होती. आत्याने हिशेब मांडला, आईचं वय, आपलं वय, आणि उत्तर काढून गप्प बसली. गणिताच्या बाईंचं गणित चुकलं होतं, पण रीत चोख होती.

"मला सांगायचं ना," ती म्हणाली.

"आणि काय झालं असतं? तू रडली असतीस, जावयाने टॅक्सी आणली असती, आणि तुम्ही दोघं माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागला असता."

खरंच तसंच झालं असतं. म्हणून तिने मुळांबद्दल सांगितलं. की तोडल्यावर मुळं लगेच कुजत नाहीत, काही वर्षं माती धरून ठेवतात, मग एकेक करून तुटतात, आणि नव्या रोपांची मुळं अजून तेवढी खोल गेलेली नसतात. वर पावसाचं पाणी मुरलंय. हे सगळं तिने पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते, फक्त ते करवतकाकांच्या तोंडून आलं तेव्हा तिला ओळखू आलं नव्हतं.

आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, मागचं दार महिनाभर अडकतंय. सुताराने तासून दिलं, आठ दिवसांत परत अडकलं. ओट्याखालची फरशीही उचलली गेलीय. "मला वाटलं, सुतार कामचुकार."

"आत्या, आत्ता निघ."

"उद्या सकाळी निघते, कपडे तरी—"

"आत्ता. नाहीतर मी ठकीला घेऊन तिथे येते आणि तुझ्या शेजारी बसते."

हे तिने धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. आत्याला ते कळलं असावं. "पोरीला इथे आणायचं नाही," ती म्हणाली. "शिंप्याला आणि पोस्टमनला उठवते. ठेव फोन."

पुढचे चार तास तिने कसे काढले, ते तिचं तिला माहीत. मोठ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, माती हा आपला विषय नाही, पण लेखी दे. तिने लेखी दिलं. नगरपालिकेला केला; तिथे कुणीतरी नोंद करून घेतली. नवरा आला, त्याने तिचा चेहरा पाहिला आणि बूट न काढताच बसस्टॉपवर गेला. ती ठकीला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहिली. ठकी तिचे केस ओढत होती.

दिवेलागणीच्या आत आत्या आली. तिच्याबरोबर शिंपी, शिंपीण आणि बसस्टॉपवरून आलेल्या जावयाच्या डोक्यावर शिलाई मशीन. शिंपी उठायला तयार नव्हता, म्हणे वर तर जंगल आहे, आमच्या घराला काय होतंय. पण तो चौथीत आत्याच्या वर्गात होता. आत्याने दारात उभं राहून "वर्गाबाहेर" एवढंच म्हटलं आणि चाळीस वर्षांचा माणूस मशीन उचलून निघाला. पोस्टमन बायकोच्या माहेरी गेला होता. त्या रात्री दोन खोल्यांत सहा माणसं झोपली. सगळे चेष्टा करत होते. आत्या सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ऊन पडलं. शिंपी म्हणाला, गिऱ्हाइकं खोळंबलीत, आम्ही निघतो. आत्याही पिशवी भरू लागली होती.

चौथ्या दिवशी, लख्ख उन्हात, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी उतार खाली आला.

करवतकाकांचं घर आणि आत्याचं घर, दोन्ही राहिली नाहीत. राहिली नाहीत म्हणजे जागाच राहिली नाही, ती कुठे होती ते दाखवता येईना. शिंप्याच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत होते, ते तसेच वाळत राहिले. त्याच्या आणि पोस्टमनच्या घरावर जुन्या जंगलातून खडासुद्धा आला नाही. दरड बरोबर झाडांच्या रांगेपाशी थांबली होती, कुणी रेघ मारून द्यावी तशी.

नऊ नंबरचा शेवटचा तुकडा तिला संध्याकाळी मिळाला. आत्या म्हणाली, मला ऐकव. ती नको म्हणत होती, पण आत्याने हेडफोन स्वतःच ओढून कानाला लावला, दुसरा तिच्या कानाला दिला. सुरुवातीला काहीच नाही. बेडूक नाही, किडा नाही, वारा नाही. मग अगदी जवळून, त्या झाडावर बसलेला नकल्या म्हणाला, "कोण आहे?"

आणि त्याला उत्तर मिळालं, खालून, मातीतून. ते कसं होतं, ते दोघींपैकी कुणीही नंतर सांगितलं नाही.

आत्याने हेडफोन काढला. बराच वेळ ती त्याची वायर बोटाला गुंडाळत होती. "मी असं विचारायचे?" तिने विचारलं.

"हो."

"किती घाबरलीय बिचारी," आत्या म्हणाली, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं.

आत्या आता त्या दोन खोल्यांतच राहते, ठकीला आकडे शिकवते. तिच्याशी कुणी हळू आवाजात बोलत नाही. आणि ठकीची आई तोडलेल्या उताराच्या काठावर उरलेल्या तीन पेट्यांचा सगळा कचरा ऐकते, एकेक तुकडा, कुणी सांगितलं नसताना. पण पेट्या एकाच टेकडीवर आहेत. सात-आठ वर्षांपूर्वी अशा किती टेकड्यांवर करवत चालली, कुणास ठाऊक. लांबून त्या सगळ्या आज हिरव्याच दिसत असणार.

तुमचं कुणी तशा उताराखाली एकटं राहत असेल, मावशी, काका, जुन्या बाई, कुणीही, तर आज त्यांना फोन करा. कशी आहेस असं विचारू नका. बरी आहे, हेच उत्तर येतं. घरात काय ऐकू येतं ते विचारा. दारं नीट लागतात का ते विचारा. आणि पलीकडून "कुठे काय" यायला जरासा उशीर झाला, तर तेवढ्यावर फोन ठेवू नका. जाऊन बघा.